जायबंदी हाताचा हिशेब मागणारे लोखंडे

रविवारच्या साप्ताहिक सुट्टीचा विषय निघाला की नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आदराने घेतले जाते. मात्र ज्या निवेदनात त्यांनी ही सुट्टी मागितली, त्याच निवेदनात आणखी एक मागणी होती आणि ती आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही. कामावर असताना जायबंदी झालेल्या कामगाराला काय द्यावे आणि ते कोणत्या मापाने मोजावे, या प्रश्नाचे उत्तर त्या मागणीत होते. तिला कायद्याचे रूप यायला ३९ वर्षे लागली. तोवर लोखंडे हयात नव्हते.

लोखंडे यांचा जन्म १८४८ सालचा, ठाण्यातला. घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील, फुलमाळी समाजातले. परिस्थिती बेताची असूनही मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण त्यांनी पदरात पाडून घेतले. रेल्वेत आणि टपाल खात्यात काही काळ नोकरी केल्यानंतर ते मुंबईत मांडवी येथील कापडगिरणीत स्टोअरकीपर म्हणून रुजू झाले. गिरणीतल्या वास्तवाशी त्यांचा जवळून परिचय झाला तो येथेच. कोठाराचे काम म्हणजे चोख हिशेबाचे काम. चामड्याचा पट्टा तुटला, एखादे चाक झिजले, तर त्याची नोंद होते, किंमत मांडली जाते आणि नवा भाग बसवला जातो. पण त्याच पट्ट्यात सापडून कामगाराचा हात गेला, तर त्याची किंमत मांडायला कोणत्याही वहीत रकाना नव्हता.

त्या काळी एका वाफेच्या इंजिनावर सगळे खाते चाले. छताखालून फिरणारा लांब दांडा, त्यावरून खाली उतरणारे पट्टे आणि त्यांवर फिरणारी यंत्रे यांच्या मधल्या चिंचोळ्या वाटेत माणसे, बाया आणि लहान मुले पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत वावरत. कोकणातून आणि घाटावरून आलेल्या या कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. थकलेल्या शरीराकडून क्षणाची चूक होई आणि बोटे, पंजा किंवा प्राण जाई. १८८१ मध्ये कारखान्यांचा पहिला कायदा झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि धोकादायक यंत्रांना कुंपण घालण्यास सांगितले. अपघाताची वर्दी देण्याची तरतूदही झाली. जखमी झालेल्याच्या हाती मात्र त्यामुळे एक पैसाही पडत नव्हता.

भरपाईचा कायदा अजिबातच नव्हता असे नाही. इंग्लंडमधील १८४६ च्या कायद्याच्या धर्तीवर हिंदुस्थानात १८५५ मध्ये प्राणघातक अपघातांचा कायदा झाला होता. मृताच्या कुटुंबाचे जेवढे नुकसान झाले, तेवढी भरपाई त्याअन्वये मागता येई. पण त्यासाठी दिवाणी दावा लावून दुसऱ्या पक्षाची चूक सिद्ध करावी लागे. शिवाय हा कायदा मृत्यूपुरता होता. हात गमावून जिवंत राहिलेल्याला त्याचा उपयोग नव्हता. खोलीचे भाडेही वेळेवर देऊ न शकणाऱ्या गिरणी कामगाराच्या विधवेने वकील कोठून लावावा? इंग्लंडमध्ये तर सोबतच्या कामगाराच्या चुकीने इजा झाली तर मालक जबाबदार नाही, असे तत्त्व १८३७ पासून रूढ झाले होते. धोका पत्करूनच माणूस कामाला येतो, हे त्यामागचे गृहीतक होते.

लोखंडे यांच्यावर जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांचा खोल संस्कार होता. कृष्णराव भालेकर यांनी १८७७ मध्ये पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ हे पत्र बंद पडल्यावर १८८० मध्ये त्यांनी ते मुंबईत पुन्हा उभे केले. गिरणीची नोकरी सोडून त्यांनी या पत्राला आणि कामगारांच्या प्रश्नाला वाहून घेतले. कारखान्यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने आयोग नेमला, तेव्हा त्यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये परळ येथे कामगारांच्या सभा भरवल्या. गिरणी कामगारांची ‘मिलहँड्स असोसिएशन’ ही संघटना याच सुमाराची. सभांत ठरलेले, सुमारे साडेपाच हजार कामगारांनी सह्या केलेले निवेदन आयोगापुढे ठेवण्यात आले.

त्यात रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मागील पगार, या मागण्या होत्या. त्यांच्याबरोबर अपघाताचीही मागणी होती. कामावर गंभीर इजा झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जो जन्माचा अधू होईल, त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी.

ही मागणी आज बारकाईने वाचली की तिच्यातील शहाणपण ध्यानात येते. तिच्यात चूक कोणाची, हा प्रश्नच नाही. इजा कामावर झाली, एवढे पुरे. भरपाईचे माप मजुरी हेच आहे, कारण कामगाराने गमावली ती कमावण्याची शक्ती. तात्पुरते अधूपण आणि कायमचे अधूपण, असे दोन कप्पेही तिच्यात स्वतंत्र केलेले आहेत. योगायोग असा, की त्याच वर्षी, दोन-अडीच महिने आधी जर्मनीत बिस्मार्कने अपघात विम्याचा कायदा केला होता आणि त्यात पूर्ण अधू झालेल्याला मजुरीच्या दोन तृतीयांश निवृत्तिवेतन ठरले होते. परळच्या कामगारांनी बरे होईपर्यंत मागितला होता तो मात्र पूर्ण पगार.

सुट्टीचा लढा यशस्वी झाला. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत भरलेल्या मोठ्या सभेनंतर १० जून १८९० रोजी गिरणी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी केशवपनाविरुद्ध नाभिकांचा संप घडवण्यातही लोखंडे पुढे होते. १८९३ च्या हिंदू-मुस्लिम दंगलीत त्यांनी सलोख्यासाठी परिश्रम घेतले आणि पुढे सरकारने त्यांना रावबहादूर ही पदवी दिली. १८९१ च्या सुधारित कारखाना कायद्यातही भरपाईची तरतूद आली नाही. मुंबईत प्लेगने थैमान घातले असताना ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्याच रोगाने लोखंडे यांचे निधन झाले. त्यांना अवघे ४९ वर्षांचे आयुष्यही लाभले नाही. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये इंग्लंडने मालकाची चूक सिद्ध न करता भरपाई देणारा कायदा मंजूर केला.

हिंदुस्थानात तो यायला १९२३ साल उजाडले. ना. म. जोशी यांच्यासारखे कामगारांचे प्रतिनिधी तोवर मध्यवर्ती विधिमंडळात पोहोचले होते. नव्या कायद्यात मृत्यूसाठी ३० महिन्यांची मजुरी किंवा २,५०० रुपये, तर कायमच्या संपूर्ण अधूपणासाठी ४२ महिन्यांची मजुरी किंवा ३,५०० रुपये, यांपैकी जी कमी असेल ती रक्कम ठरली. महिना ३० रुपये मिळवणाऱ्याच्या वारसांना ९०० रुपये, अधू झालेल्याला १,२६० रुपये. तात्पुरत्या इजेत दर पंधरवड्याला महिन्याच्या मजुरीचा चौथा हिस्सा, म्हणजे अर्धाच पगार. आणि पहिल्या दहा दिवसांचे काहीच नाही.

हिशेबाची पद्धत पुढे सुधारली. १९८४ च्या दुरुस्तीने वयानुसार गुणक आला, कारण विशीतल्या कामगाराचे कमावण्याचे आयुष्य साठीतल्यापेक्षा मोठे असते. १९२३ चा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. सूत्र मात्र तेच आहे. समजा, ३० वर्षांच्या, दरमहा १० हजार मजुरीच्या कामगाराने यंत्रात एक पंजा गमावला. मजुरीचे ६० टक्के, म्हणजे ६ हजार, गुणिले वयाचा गुणक २०७.९८ असे १२,४७,८८० रुपये होतात. पंजा गेल्याने कमावण्याच्या शक्तीची हानी ६० टक्के धरली जाते. म्हणून हाती येतात ७,४८,७२८ रुपये. वहीत अखेर रकाना तयार झाला.

तरीही लोखंडे यांच्या मागणीचा एक भाग उरतोच. राज्य विमा योजनेतील कामगाराला तात्पुरत्या अधूपणात पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात. त्या योजनेबाहेरच्या, या सूत्रावर विसंबलेल्या कामगाराला मात्र घरी पडून असताना पंधरवड्याला पगाराचा चौथा हिस्सा, म्हणजे आजही अर्धाच पगार मिळतो. घरभाडे, किराणा आणि मुलांची फी काही निम्मी होत नाही. बरा होईपर्यंत पूर्ण पगार द्या, असे परळच्या सभेत १८८४ साली ठरले होते. रविवार लोखंडे यांनी मिळवून दिला. हा अर्धा पगार मात्र अजून मिळवायचा राहिला आहे.