सपाटीचा साधक : सर जोसेफ व्हिटवर्थ

गोदावरीच्या तीरावरील बासर या क्षेत्री सरस्वतीच्या सान्निध्यात बालकांचा अक्षराभ्यास करविण्याची परंपरा आहे. आणि याच गावी २००८ साली राजीव गांधी यांच्या नावाचे तंत्रशिक्षणाचे विद्यापीठ सुरू झाले. विद्या जशी अक्षरांत असते तशीच ती हातांतही असते, याची ही साक्षच होय. हातांतील विद्येला शास्त्राची प्रतिष्ठा मिळवून देणारे इंग्रज कारागीर सर जोसेफ व्हिटवर्थ यांचे चरित्र म्हणूनच विद्यार्थ्यांनी जाणून घेण्यासारखे आहे.

जोसेफ यांचा जन्म २१ डिसेंबर १८०३ रोजी इंग्लंडमधील स्टॉकपोर्ट येथे झाला. वडील शाळामास्तर होते. जोसेफ दहा-अकरा वर्षांचे असतानाच मातृछत्र हरपले. पुढे चौदाव्या वर्षी त्यांना डर्बीशायरमधील मामांच्या सूतगिरणीत पाठविण्यात आले. मुलाने गिरणीच्या व्यवसायात स्थिर व्हावे, अशी वडीलधाऱ्यांची इच्छा होती. परंतु जोसेफ यांचे मन सुतापेक्षा सूत काढणाऱ्या यंत्रांतच अधिक रमले. अखेर १८२१ च्या सुमारास, हाताशी आलेला सुखाचा व्यवसाय सोडून, त्यांनी मँचेस्टरची वाट धरली आणि एका कारखान्यात साध्या कामगाराची नोकरी पत्करली.

१८२५ साली ते लंडनला गेले. तेथे हेन्री मॉड्स्ले या त्या काळच्या श्रेष्ठ यंत्रकाराच्या हाताखाली काम करण्याचे भाग्य त्यांना लाभले. पुढे ते जोसेफ क्लेमेंट यांच्या कारखान्यातही होते. चार्ल्स बॅबेज यांनी कल्पिलेल्या गणनयंत्राचे भाग याच कारखान्यात घडत असत. ते यंत्र पुरे झाले नाही. परंतु आजच्या संगणकाच्या पूर्वजांत त्याची गणना होते. १८३३ साली व्हिटवर्थ मँचेस्टरला परतले आणि त्यांनी स्वतःचा कारखाना काढला.

व्हिटवर्थ यांच्या चित्तास एका प्रश्नाने वेधले होते. धातूचे पृष्ठ खरोखर सपाट कसे करावे? वाफेच्या यंत्राची झडप नीट बसावयाची, तर तिचे पृष्ठ सपाट हवे. नाही तर वाफ गळणार. त्या काळी दोन पृष्ठांमध्ये कुरुंदाची पूड घालून ती एकमेकांवर घाशीत. परंतु पूड सर्वत्र सारखी पसरत नाही. ती कोठे अधिक झिजवते, कोठे उणी. शिवाय दोन पृष्ठे एकमेकांशी जुळली म्हणजे ती सपाट झाली, असे मुळीच नाही. आपल्या देवघरातील सहाण पाहा. वर्षानुवर्षे चंदन उगाळून ती मध्ये खोलगट होते आणि खोडाचा तळ तितकाच फुगीर होतो. दोघांचे उत्तम जुळते, परंतु सपाट मात्र एकही नसते!

यावरील उपाय तीन पृष्ठांचा होता. समजा, क, ख आणि ग अशा तीन पट्ट्या आहेत. ख आणि ग या दोन्ही क शी जुळवून घेतल्या. क जर फुगीर असेल तर ख व ग दोन्ही खोलगट होतील. आता ख आणि ग एकमेकींवर ठेवताच त्या केवळ कडांनी टेकतील आणि दोष तत्काळ उघड होईल. तिन्ही पट्ट्या आळीपाळीने परस्परांशी जुळल्या, म्हणजेच त्या सपाट. उंचवटे शोधण्यासाठी एका पट्टीस रंगाचा पातळ लेप द्यावयाचा. दुसरीवर जेथे डाग उठेल तेवढेच पोलादी हत्याराने खरवडावयाचे. सपाट पट्ट्यांचा वापर मॉड्स्ले यांच्या कारखान्यातही होता. परंतु घासण्याऐवजी खरवडण्याची ही रीत व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथील शास्त्रज्ञांच्या सभेत मांडून सर्वांना खुली केली.

१८४१ साली त्यांनी स्क्रूंच्या आट्यांसाठी ५५ अंशांचा कोन आणि प्रत्येक जाडीस आट्यांची ठराविक संख्या सुचविली. तोपर्यंत एका कारखान्याचा नट दुसऱ्याच्या बोल्टास लागत नसे. १८५१ च्या लंडन येथील महाप्रदर्शनात इंचाचा दशलक्षांश ओळखणारे त्यांचे मापनयंत्र पाहून जाणकार थक्क झाले.

त्यांना अपयशही पाहावे लागले. षट्कोनी नळीची त्यांची बंदूक १८५७ च्या चाचणीत प्रचलित बंदुकीपेक्षा सरस ठरली; तरी खर्च फार आणि नळी लवकर काजळते म्हणून सैन्याने ती स्वीकारली नाही. अचूकता हे त्यांचे व्रत होते. परंतु अचूक वस्तू परवडणारीही असावी लागते, हा धडा त्यांना व्यवहाराने दिला.

१८६८ साली त्यांनी तरुण यंत्रज्ञांसाठी प्रत्येकी वार्षिक १०० पौंडांच्या ३० शिष्यवृत्त्या ठेवल्या. पुस्तकी ज्ञानाबरोबर हातांचे कौशल्यही पारखले जावे, असा त्यांचा आग्रह होता. २२ जानेवारी १८८७ रोजी माँटे कार्लो येथे त्यांचे देहावसान झाले.

त्यांचा प्रश्न मात्र आजही जिवंत आहे. संगणकाचा प्रोसेसर चालताना तापतो. ती उष्णता ओढून घेण्यासाठी त्यावर हीटसिंक नावाचा धातूचा ठोकळा बसवितात. दोन्ही पृष्ठे डोळ्यांस सपाट दिसली तरी त्यांत सूक्ष्म उंचसखलपणा असतो आणि फटींत हवा राहते. तांब्याच्या मानाने हवा उष्णतेची वाहक म्हणून सुमारे १५,००० पटींनी दुर्बळ आहे. म्हणून फटींत विशिष्ट लेप भरतात. आणि काही हौशी लोक जाड काचेवर पॉलिश कागद ठेवून, प्रथम खरखरीत व मग बारीक, अशा क्रमाने हीटसिंकचा तळ घासतात. तळावर आधी पेनने रेघा ओढतात. जेथे रेघ प्रथम पुसते तेथे उंचवटा. लाभ झालाच तर तो थोड्या अंशांचाच असतो. शिवाय हात डुलला तर कडा अधिक झिजतात आणि पृष्ठ पूर्वीहून बिघडते; घासण्याविषयी व्हिटवर्थ यांनी दिलेला इशारा येथेही खरा ठरतो.

विद्यार्थी मित्रहो, दोघांचे एकमत झाले म्हणजे सत्य गवसले असे नव्हे. तिसऱ्या निःपक्षपाती कसोटीवर ते घासून पाहावे लागते. लोखंडाच्या तीन पट्ट्यांनी शिकविलेला हा धडा यंत्रशाळेपुरता मर्यादित नाही.