संगीतासाठी घर सोडणारे अल्लाउद्दीन खाँ

रविशंकर यांची सतार तुम्ही रेडिओवर ऐकली असेल. त्यांचे गुरू उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. सगळे त्यांना बाबा म्हणत. त्यांची ही गोष्ट.

आजच्या बांगलादेशात शिबपूर नावाचे खेडे आहे. तिथे बाबांचा जन्म झाला. घरी त्यांना आलम म्हणत. शाळेत जातो म्हणून निघायचे आणि देवळात गाणेबजावणे ऐकत बसायचे! घरी मार बसे. शेवटी लहान वयातच ते पळून थेट कलकत्त्याला गेले. ओळखीचे कोणी नाही, जवळचे पैसेही चोरीला गेले. अन्नछत्रात जेवायचे आणि उघड्यावर झोपायचे. आपल्याला एक रात्र तरी जमेल का हो?

तिथे त्यांना गोपालबाबू हे गायनाचे गुरू भेटले. त्यांची अट अशी की बारा वर्षे नुसते सा रे ग म आणि पलटे घोकायचे. आलमने तेही कबूल केले. पण सातव्या वर्षी गुरूच वारले. केवढे वाईट वाटले असेल! मग त्यांनी गाणे सोडून वाद्ये धरली. बासरी, सनई, तबला, जे दिसेल ते शिकले. व्हायोलिन त्यांना गोव्याच्या लोबो नावाच्या बँडमास्तरांनी शिकवले. (मी जत्रेतून बासरी आणली, तर आठ दिवस नुसती फू फू हवाच निघाली. आजी म्हणाली, बाहेर जाऊन वाजव.)

इतकी वाद्ये येऊ लागल्यावर आलमला थोडा गर्व झाला. मुक्तागाछा गावी जमीनदाराच्या वाड्यात ते ऐटीत गेले. तिथे अहमद अली खाँ सरोद वाजवत होते. ते ऐकून आलमच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले. आपल्याला काहीच येत नाही हे त्यांना कळले. त्यांनी उस्तादांचे पाय धरले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. सरोद ते डाव्या हाताने वाजवत.

पुढे ते रामपूरला वजीर खाँ यांच्याकडे गेले. वजीर खाँ म्हणजे तानसेनाच्या घराण्यातले मोठे बीनकार. पण त्यांच्या दाराशी कोणी उभेसुद्धा करीना. शेवटी म्हणे बाबा एक दिवस नवाबाच्या गाडीपुढेच आडवे झाले! तेव्हा कुठे शिष्य करून घेतले. तरी खरी विद्या मिळायला आणखी काही वर्षे नुसती वाट पाहावी लागली.

नंतर ते मध्य प्रदेशातील मैहरला राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या दरबारी राहिले. १९१८ च्या सुमारास साथीच्या रोगाने तिथली पुष्कळ मुले पोरकी झाली. बाबांनी त्या मुलांना जवळ करून वाद्ये शिकवली आणि मैहर बँड उभा केला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नळतरंग बनवला. बंदुकीतून सूर काढायचे कोणाला सुचेल, सांगा!

बाबा फार तापट होते. मुलगा अली अकबर चुकला की खूप मार देत, झाडाला बांधूनही ठेवत. हे काही मला आवडले नाही.

मुलीला, अन्नपूर्णाला, मात्र ते शिकवतच नव्हते. थोरल्या मुलीला गाण्यापायी सासरी फार त्रास झाला होता, म्हणून. एकदा बाबा बाजारात गेले होते. अली अकबर सरोदवर चुकीचे वाजवत होता. अन्नपूर्णा अंगणात खेळत होती. तिने तिथूनच बरोबर कसे ते गाऊन दाखवले. मागे बाबा येऊन उभे होते. ती घाबरली, आता मार बसणार! पण बाबांनी तिला आत नेले, हातात तानपुरा दिला आणि त्याच दिवसापासून शिकवायला सुरुवात केली.

१९७१ साली बाबांना पद्मविभूषण मिळाले. १९७२ साली मैहरला ते वारले. अन्नपूर्णादेवी पुढे मुंबईत राहिल्या आणि २०१८ साली वारल्या. त्यांनी तिथे कितीतरी शिष्यांना बाबांचीच विद्या शिकवली.