लोखंडावर विश्वास कुणाचा?

आमच्या पिंपळगाव राजाला गोठ्यात आजोबांचा लोखंडी नांगर अजून पडून आहे. मला तो आठवला भलत्याच ठिकाणी. ट्रेनिंगला होतो त्या कारखान्यात अणुवीज केंद्राचा पंप बनत होता. केसिंगवरचा हीट नंबर रजिस्टरशी जुळेना, इन्स्पेक्टरसाहेबांनी जॉब अडवून ठेवला. नंबर मीच चुकीचा उतरवला होता!

मित्रांनो, असाच अविश्वास लक्ष्मणराव किर्लोस्करांच्याही वाट्याला आला. जन्म १८६९ चा, बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईला जे. जे. मध्ये गेले, तर काही रंगच नीट ओळखू येईनात. मग यांत्रिक ड्रॉईंग शिकले, व्हीजेटीआयमध्ये शिकवलंही. १८८८ ला भाऊ रामूअण्णांसोबत बेळगावात सायकलचं दुकान, पुढे कडबा कापायचं यंत्र आणि मग लोखंडी नांगर.

लोखंडाने जमिनीत विष भिनतं, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षं लागली. दोन वर्षं! (आपण एका सबमिशनला कंटाळतो.) शेतकरी हाच त्यांचा इन्स्पेक्टर, आणि दाखवायला सर्टिफिकेट एकच, नांगरलेलं शेत.

बेळगावची जागा सोडावी लागली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडलजवळचा माळ दिला. १९१० ला तिथे किर्लोस्करवाडी वसली. १९५६ ला लक्ष्मणराव गेले. पुढे किर्लोस्कर ब्रदर्सचे पंप अणुवीज केंद्रांतही पोचले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना चूक सांगून टाकली. त्यांनी केसिंगवरचा पंच स्वतः सर्टिफिकेटशी ताडून पाहिला, मगच शिक्का मारला.