बेडन-पॉवेल यांचें नदीकांठचें शिक्षण

शरद् ऋतु आला, नद्यांचें पाणी निवळलें, कीं स्काऊट मुलांना पाठीवर पिशवी टाकून नदीच्या खोऱ्यांतून पायीं हिंडण्याचे वेध लागतात. पुष्कळ आईबापांना ही भटकंती म्हणजे अभ्यासाचा निव्वळ नाश वाटतो. अशा पालकांनीं, ज्या पुरुषानें ही चळवळ काढली त्याचें स्वतःचें बालपण एकदां अवश्य पाहावें.

रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1857 रोजीं लंडन येथें झाला. वडील ऑक्सफर्ड विद्यापीठांत भूमितीचे प्राध्यापक व धर्मोपदेशक होते. 1860 सालीं ते वारले, तेव्हां रॉबर्ट अवघा तीन वर्षांचा होता. मुलांचा सर्व भार आई हेन्रिएटा हिच्यावर पडला. विधवा माता मुलांना सहसा पदराआड ठेवते. या बाईनें मात्र आपल्या मुलांना खुशाल पाण्यावर व रानांत जाऊं दिलें. तिचें हें धैर्य मला मोठें वाटतें.

थोरला भाऊ वॉरिंग्टन हा खलाशी होता. सुटींत धाकट्या भावांना घेऊन तो होडींतून निघे. एकदां त्यांना वेल्समधील घरीं जावयाचें होतें. आगगाडीनें जाण्याचें सोडून ही मंडळी थेम्स नदींतून उलट दिशेनें, तिच्या उगमाकडे वल्हवीत निघाली. आपल्याकडे घाटमाथ्यावरचें कांहीं पाणी कोंकणांत उतरतें व कांहीं देशावर जातें. तसाच तेथेंहि थेम्सच्या उगमाजवळ एक उंचवटा आहे. त्याच्या पूर्वेचें पाणी थेम्सला, तर पश्चिमेचें ॲव्हनला मिळतें. तो उंचवटा ओलांडून मुलांनीं ॲव्हन गांठली, आणि बाथ व ब्रिस्टल हीं शहरें मागें टाकून तीं सेव्हर्नच्या रुंद मुखाशीं आलीं. तेथें भरती-ओहोटीच्या पाण्यांत चाळीस फुटांहून अधिक अंतर पडतें. भरतीची वेळ चुकली तर होडीची धडगत नाहीं. तें पाणी पार करून तीं वाय नदींत शिरलीं. वायचें खोरें मोठें रम्य आहे; दोन्ही बाजूंस वनराईनें झांकलेले उंच कडे आणि मधून नदीचीं वळणें. रात्रीं उघड्यावर निजावें, भूक लागली तर वाटेंतील शेतकऱ्याकडून मिळेल तें घ्यावें, आणि थोरल्या भावाचा शब्द मोडूं नये, हा त्यांचा नेम. होडींत रॉबर्ट लहान. म्हणून हलकीं कामें त्याच्या वांट्याला येत.

चार्टरहाऊस शाळेंत तो अभ्यासांत कांहीं पहिला नव्हता. 1872 सालीं शाळा लंडनहून गोडाल्मिंग येथें गेली. तेथें शाळेमागील झाडींत जाण्यास मुलांना मनाई असे. रॉबर्ट तेथेंच लपून ससे धरी, आणि शिक्षकांना धूर दिसूं नये इतक्या लहान विस्तवावर ते भाजी. (आमच्या विद्यार्थ्यांनीं हा कित्ता गिरवूं नये.)

1876 सालीं ते सैन्यांतील अधिकारी होऊन लखनौस आले. पुढें दक्षिण आफ्रिकेंत मॅफेकिंगचा वेढा त्यांनीं 217 दिवस सोसला. 17 मे 1900 रोजीं वेढा उठला आणि इंग्लंडांत त्यांचा जयजयकार झाला. गांवांतील आफ्रिकन रहिवाशांची त्या वेढ्यांत अन्नान्नदशा झाली होती, हें मात्र त्या जल्लोषांत फारसें कोणाच्या ध्यानीं आलें नाहीं. निरोप पोहोंचविण्याचें काम तेथें लहान मुलांनीं केलें होतें. जबाबदारी टाकली तर मुलगा ती पेलतो, ही गोष्ट त्यांच्या मनांत ठसली.

1907 च्या ऑगस्टांत ब्राऊनसी बेटावर त्यांनीं सुमारें वीस मुलांची छावणी भरविली. त्यांत बड्या शाळांतील श्रीमंतांचीं मुलें होतीं तशींच कामकऱ्यांचींहि होतीं. त्यांचे चार गट पाडले, आणि प्रत्येक गटावर मुलांपैकींच एक नायक नेमला. वॉरिंग्टनची होडीच जणूं येथें जमिनीवर आली! पुढच्या वर्षीं त्यांचें मुलांसाठीं लिहिलेलें पुस्तक निघालें आणि चळवळ देशोदेशीं पसरली.

परंतु आपल्या देशांत आरंभीं या बंधुत्वाचें दार हिंदी मुलांना बंद होतें. युरोपीय व अँग्लो-इंडियन मुलांनाच प्रवेश मिळे. म्हणून डॉ. ॲनी बेझंट यांनीं वेगळी संस्था काढली, व पंडित मालवीय आणि पंडित कुंझरू यांनीं सेवा समितीचीं पथकें उभारलीं. 1921 सालीं बेडन-पॉवेल स्वतः येथें आले, आणि बेझंटबाईंची संस्था त्यांच्या संस्थेंत सामील झाली. तरी 1937 सालीं त्यांनीं हिंदी लोकांविषयीं अनुदार मत दिल्याचें प्रसिद्ध होऊन लोक दुखावले, आणि दुसऱ्याच वर्षीं हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. सर्वांची मिळून भारत स्काऊट्स संस्था झाली ती 1950 सालीं. ज्यानें ब्राऊनसीवर श्रीमंत-गरिबांना एका तंबूंत निजविलें, त्याला आमचीं मुलें ओळखावयास इतका उशीर लागावा याचें वाईट वाटतें. पण त्याच्याच पद्धतीनें आमच्या मुलांनीं आपलीं पथकें चालविलीं, हेंहि खरें.

8 जानेवारी 1941 रोजीं केनियांतील न्येरी येथें ते वारले. त्यांच्या थडग्यावरील दगडावर एक वर्तुळ व मध्यें टिंब कोरलेलें आहे. रानवाटेनें पुढें गेलेला स्काऊट मागून येणाऱ्यांसाठीं हीच खूण ठेवतो. तिचा अर्थ, मी घरीं गेलों.