घर स्वतःचं हवं

विरार लोकलने बँकेत जाताना मरीन लाइन्स सुटलं की उजव्या हाताला वानखेडे स्टेडियम दिसायचं. नाव रोज तोंडी, पण शेषराव वानखेडेंविषयी फारसं कुणी बोलत नाही, म्हणून हे चार शब्द.

वानखेडे मूळचे नागपूरचे, जन्म १९१४. स्वतः क्रिकेट खेळलेले. राज्याचे मंत्री, पुढे विधानसभेचे अध्यक्ष, शिवाय मुंबई क्रिकेट असोसिएशनचेही अध्यक्ष. तेव्हा कसोटी सामने ब्रेबॉर्नवर, म्हणजे दुसऱ्या क्लबाच्या जागेत. तिकिटांच्या वाटपावरून खटके उडायचे. शेवटी वानखेडेंनी ठरवलं, आपलं मैदान आपणच बांधायचं. काम तरुण वास्तुविशारद शशी प्रभूंवर सोपवलं आणि सुमारे १३ महिन्यांत स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. लॉइडने नाबाद २४२ काढल्या, आपण हरलो. पण हरलो ते आपल्या घरात!

१९८०-८२मध्ये ते भारतीय क्रिकेट मंडळाचे अध्यक्ष होते. १९८८मध्ये गेले.

भाड्याच्या खोल्या बदलून थकलेल्या आपण सभासदांनी २५ वर्षांपूर्वी दुसरं काय केलं? आज गच्ची गळली तर घरमालकाच्या दारात उभं राहावं लागत नाही. भांडतो, वर्गणी काढतो, दुरुस्त करतो.