शर्यतवीर वेंडेल स्कॉट

मोटार शर्यतीचा चित्रपट पाहताना आपले डोळे शेवटच्या फेरीकडे लागलेले असतात. निशाण पडते, नायक जिंकतो आणि आपण समाधानाने घरी जातो. अमेरिकेतील वेंडेल स्कॉट यांच्या आयुष्यात मात्र हे निशाण वेळेवर पडलेच नाही.

स्कॉट यांचा जन्म २९ ऑगस्ट १९२१ रोजी व्हर्जिनिया राज्यातील डॅनव्हिल येथे एका कृष्णवर्णीय कुटुंबात झाला. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात मोटारी दुरुस्त करीत. परतल्यावर त्यांनी टॅक्सी चालवली, गॅरेज काढले आणि रात्री चोरट्या दारूची ने-आणही केली. पोलिसांना चुकवता चुकवता हात तयार झाला. १९५२ साली शर्यतीच्या आयोजकांना गर्दी जमवण्यासाठी कृष्णवर्णीय चालक हवा होता. त्यांनी पोलिसांकडेच चौकशी केली, तेव्हा स्कॉट यांचे नाव पुढे आले.

१९६१ पासून ते नॅसकारच्या वरच्या श्रेणीत उतरले. मोटारी जुन्या, पैसा थोडा. मदतीला घरचीच मुले. १ डिसेंबर १९६३ रोजी जॅक्सनव्हिल येथे ते सर्वांच्या पुढे होते, तरी विजयी म्हणून बक बेकर यांचे नाव पुकारले गेले. काही तासांनी, प्रेक्षक निघून गेल्यावर, स्कॉटच जिंकल्याचे मान्य झाले. अधिकाऱ्यांनी मोजणीतील चूक सांगितली. स्कॉट कुटुंबाने मात्र त्यामागे वर्णद्वेषच पाहिला. त्या दिवशीचा चषक त्यांच्या हाती कधीच आला नाही.

१९७७ साली त्यांच्या जीवनावर 'ग्रीज्ड लाइटनिंग' हा चित्रपट निघाला. रिचर्ड प्रायर यांनी स्कॉट यांची भूमिका केली. दारूच्या मोटारींचा पाठलाग पडद्यावर शोभतो, कारण त्यात वेग आहे, हसू आहे. पण एकूण ४९५ शर्यती आणि विजय एकच, ही कथा दीड तासात कशी बसवावी? रोज रात्री इंजिन उघडून बसणे, उधारीचे टायर आणि पुन्हा पुढच्या गावाची वाट, यांत निशाण कुठेच नाही. चित्रपट जी वर्षे भरभर ओलांडतो, तीच स्कॉट यांची खरी शर्यत होती.

१९७३ साली टॅलाडेगा येथील अपघातात ते गंभीर जखमी झाले आणि त्यांची कारकीर्द जवळजवळ संपली. २३ डिसेंबर १९९० रोजी त्यांचे निधन झाले. २०१५ साली नॅसकारच्या मानकऱ्यांत त्यांची गणना झाली. २०२१ साली जॅक्सनव्हिलच्या विजयाचा चषक अखेर त्यांच्या कुटुंबाला देण्यात आला. तोवर जवळजवळ ५८ वर्षे लोटली होती, आणि तो उचलायला स्कॉट हयात नव्हते.