एका हंगामी आरेखकाचे ऋण

लंडनच्या भूमिगत रेल्वेचा नकाशा कधीच न पाहिलेला शहरी माणूस आज क्वचितच सापडेल. तांबड्या, निळ्या, हिरव्या, काळ्या रंगांच्या सरळ रेषा, त्यांना ठरावीक कोनांत दिलेली वळणे आणि त्यांवर जवळजवळ सारख्या अंतरावर मांडलेली स्थानकांची नावे, असे त्याचे रूप आहे. लंडनला न गेलेल्यांनीही ते पुस्तकांत, चित्रपटांत, फार काय चहाच्या पेल्यांवरही पाहिलेले असते. दिल्ली, मुंबई किंवा पुणे येथील मेट्रोच्या प्रवाशांसमोर जी मार्गाकृती असते, तीही त्याच कुळातील होय. हे कूळ ज्याच्यामुळे जगभर पसरले, त्या हॅरी बेकचे नाव मात्र त्या आकृतीवर आयुष्याच्या अखेरच्या चौदा वर्षांत छापले गेले नाही. बेकच्या जीवनाकडे चित्रकलेचा अभ्यासक एका दृष्टीने पाहील. अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला त्यात वेगळाच प्रश्न दिसतो. लक्षावधी माणसांच्या रोजच्या उपयोगाची वस्तू जो निर्माण करतो, त्याचे देणे समाजाने कसे फेडावे, हा तो प्रश्न होय.

हेन्री चार्ल्स बेकचा जन्म ४ जून १९०२ रोजी पूर्व लंडनमधील लेटन येथे झाला. भूमिगत रेल्वेच्या सिग्नल विभागात १९२५ साली तो आरेखक, म्हणजे ड्राफ्ट्समन, म्हणून लागला. नोकरी हंगामी होती. काम निघाले की बोलवावे आणि पैशाची चणचण भासू लागली की कमी करावे, अशा वर्गातला तो एक कर्मचारी. १९३१ साली मंदीचे सावट दाट झाले, खर्चात कपात झाली आणि बेकची नोकरी गेली. जगभर गाजलेली ती आकृती त्याने काढली ती ह्या काळात, कोणी सांगितलेले नसताना, घरी बसून. शाळकरी वहीच्या पानावर काढलेला तिचा पहिला आराखडा आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात जपून ठेवलेला आहे.

त्या वेळचा प्रश्न काय होता, हे समजून घेतल्याखेरीज बेकच्या कल्पनेचे महत्त्व कळणार नाही. लंडनची पहिली भूमिगत रेल्वे १८६३ साली धावली. पुढे निरनिराळ्या कंपन्यांनी निरनिराळे मार्ग बांधले आणि त्या सर्वांचा मिळून एक नकाशा १९०८ साली निघाला. हे नकाशे भूगोलाशी प्रामाणिक होते. मार्ग जमिनीखाली जसा वळतो तसाच तो कागदावर वळलेला दिसे. परंतु शहराच्या मध्यभागी स्थानके दाटीवाटीने होती आणि उपनगरांत ती दूर दूर पसरलेली होती. सर्वांना एकच प्रमाण लावले की मध्यभागातील नावे एकमेकांवर चढत आणि कडेला कागद मोकळा पडे. १९२० नंतरच्या दशकात मार्ग एजवेअर, मॉर्डन अशा दूरच्या उपनगरांपर्यंत पोहोचले आणि ही अडचण असह्य झाली. बेकच्या आधी एफ. एच. स्टिंगमोर ह्या आरेखकाने खिशात मावेल असा सुबक नकाशा केला होता. पण त्यातही मार्गांची लांब टोके छाटून टाकावी लागत.

बेकने मुळातला प्रश्नच निराळ्या रीतीने मांडला. जमिनीखाली असलेल्या प्रवाशाला वर कोणता रस्ता आहे, गाडी कोणत्या दिशेला किती वळली, हे दिसत नाही आणि त्याला ते नकोही असते. ठाण्याहून अंधेरीला निघालेल्या माणसाला दादरला गाडी बदलायची एवढे कळले की पुरते. वाटेत रूळ कोठे किती वाकतात ह्याची चौकशी तो करीत नाही. बसायचे कोठे, बदलायचे कोठे आणि उतरायचे कोठे, एवढेच प्रवाशाचे प्रश्न असतात. तेव्हा बेकने प्रमाण सोडून दिले. सर्व रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत तिरप्या केल्या. सेंट्रल लंडन मार्गाची आडवी रेषा पाया धरून मध्यभाग मोठा केला, उपनगरे आत ओढली आणि स्थानकांमधील अंतरे सारखी केली. प्रत्येक मार्गाला त्याचा रंग दिला. साध्या स्थानकासाठी एक बारीक टोक आणि गाडी बदलण्याच्या स्थानकासाठी शंकरपाळ्याच्या आकाराची खूण छापील आवृत्तीत आली. जमिनीवरच्या लंडनमधील एकच गोष्ट त्याने ठेवली, ती म्हणजे थेम्स नदी. तीही सरळ रेषांत बसवलेली.

ह्या सर्व कल्पना अगदी आकाशातून पडल्या, असे नव्हे. एकेका मार्गाची सरळ केलेली पट्टी गाडीच्या डब्यात लावण्याची रीत आधीपासून होती. जॉर्ज डाऊ ह्यानेही १९२९ मध्ये दुसऱ्या एका रेल्वेसाठी अशी आकृती केली होती. परंतु एका महानगराचे परस्परांत गुंतलेले सर्व मार्ग एकाच नियमाने एका कागदावर बसवून दाखविण्याचे श्रेय बेकचेच आहे.

प्रसिद्धी विभागाने ती आकृती प्रथम नाकारली. नकाशात अंतर आणि दिशा नसावी, ही गोष्ट अधिकाऱ्यांना फारच धाडसी वाटली. बेकने पुढील वर्षी ती पुन्हा पाठविली. तेव्हा प्रयोगादाखल पाचशे प्रती काही निवडक स्थानकांवर ठेवून लोकांचा कल पाहण्यात आला. तो अनुकूल दिसल्यावर जानेवारी १९३३ मध्ये सुमारे सात लाख प्रती छापल्या गेल्या. हा नवा प्रकार कसा वाटतो ते कळवावे, अशी विनंती प्रवाशांना मुखपृष्ठावरच केलेली होती. प्रवाशांनी उत्तर दिले ते नकाशे उचलून. महिन्याभरातच पुन्हा छपाई करावी लागली. सामान्य माणसाला अमूर्त गोष्ट कळणार नाही ही अधिकाऱ्यांची भीती सामान्य माणसानेच खोटी ठरविली.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अंतरे खोटी दाखविणारा नकाशा प्रवाशाची फसवणूक करीत नाही काय? लेस्टर स्क्वेअर आणि कव्हेंट गार्डन ह्या लगतच्या स्थानकांमध्ये तीनशे मीटरही अंतर नाही. चेशम आणि त्याच्या अलीकडचे स्थानक ह्यांत सहा किलोमीटरांहून अधिक आहे. आजच्या आकृतीत ही तफावत जाणवतही नाही, आणि चार पावले चालून जाण्याऐवजी नवखा प्रवासी भुयारात उतरतो. दूरचे उपनगर शहराला खेटून असल्याचा भास होतो, आणि उपनगरांत राहणाऱ्यांच्या भाड्यावर ज्या रेल्वेची मदार होती तिला हा भास गैरसोयीचा नक्कीच नव्हता. आक्षेप खरा आहे. पण प्रत्येक नकाशा काहीतरी गाळतोच. काय गाळावे हे करणाऱ्याच्या सोयीने ठरले की वापरणाऱ्याच्या प्रश्नावरून, हीच त्याची कसोटी. न्यू यॉर्कने १९७२ साली मासिमो व्हिन्येली ह्याची अशीच आकृती स्वीकारली आणि भूगोल हरवल्याच्या तक्रारींमुळे १९७९ मध्ये ती मागे घेतली, हेही लक्षात ठेवावे. बेकची आकृती टिकली, कारण लंडनच्या प्रवाशाचा प्रश्न तिने बरोबर ओळखला होता.

बेकला ह्या कामाचे मोल म्हणून मोजक्या गिनी मिळाल्या. पुढे त्याला पुन्हा कामावर घेण्यात आले, आणि आकृती सुधारण्याचे काम तो जवळजवळ तीन दशके करीत राहिला. नवे मार्ग आले, स्थानकांची नावे बदलली, दुसरे महायुद्ध आले आणि गेले. गाडी बदलण्याच्या स्थानकांची खूण वर्तुळाकार झाली. एका आवृत्तीत ४५ ऐवजी ६० अंशांचे कोनही त्याने वापरून पाहिले. एक स्थानक वाढले की शेजारची दहा नावे हलवावी लागत. १९४७ पासून तो मुद्रणकलेच्या एका शिक्षणसंस्थेत शिकवू लागला होता. पण आकृती हाच त्याच्या आयुष्याचा ध्यास राहिला. पॅरिसच्या मेट्रोसाठीही त्याने अशी आकृती करून दिली. ती स्वीकारली गेली नाही.

आकृतीचे हक्क संस्थेकडे गेले होते, मात्र तीत जे बदल करायचे ते आपल्याच हातून होतील, असा बेकचा समज होता. १९६० साली त्याला न विचारता नवी आकृती प्रसिद्ध झाली, आणि तिच्यावर नाव होते प्रसिद्धी अधिकारी हॅरॉल्ड हचिसन ह्यांचे. तीतील वळणे टोकदार होती, नावे कोंबलेली होती, आणि प्रवाशांनाही ती रुचली नाही. बेकने पत्रांमागून पत्रे लिहिली. येऊ घातलेल्या व्हिक्टोरिया मार्गासह नवी आकृती स्वतः काढून पाठविली. तिचा स्वीकार झाला नाही. १९६४ मध्ये पॉल गारबट ह्या संस्थेतील अधिकाऱ्याने केलेली आकृती आली; ती बेकच्या पद्धतीकडे परत वळलेली होती, पण बेकचे नाव तिच्यावरही नव्हते. अखेर त्याने लढा सोडला. १८ सप्टेंबर १९७४ रोजी तो वारला.

संस्थेच्या बाजूनेही काही म्हणता येते, आणि ते म्हटले पाहिजे. सार्वजनिक सेवेचा नकाशा एका माणसाच्या हयातीवर किंवा मर्जीवर अवलंबून ठेवता येत नाही. मार्ग वाढणार, माणसे बदलणार, काम दुसऱ्याच्या हाती जाणारच. नोकराने केलेल्या कामाचा हक्क मालकाचा, हा कायदाही सर्वपरिचित आहे. बेकची आसक्ती टोकाची होती, हेही मान्य करावे. परंतु काम दुसऱ्याला देणे वेगळे आणि पहिल्याचे नाव पुसणे वेगळे. पहिली गोष्ट व्यवस्थेची गरज होती. दुसरीने कोणाचाच एक पैसाही वाचला नाही.

नाव परत आले ते उशिरा. आरेखनकार केन गारलंड ह्यांनी ह्या आकृतीचा इतिहास लिहिला तो १९९४ साली, बेकच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी. १९९७ पासून लंडनच्या प्रत्येक नकाशावर मूळ कल्पना १९३१ साली हॅरी बेकची, अशी नोंद छापली जाऊ लागली. २००६ साली ब्रिटनमधील उत्कृष्ट आरेखनासाठी लोकांनी मते दिली, तेव्हा काँकॉर्ड विमानाच्या खालोखाल ह्या नकाशाचा क्रमांक लागला. २०१३ मध्ये लेटन येथील त्याच्या जन्मघरावर स्मृतिफलक लागला. हे सर्व योग्यच झाले. पण ते पाहायला तो नव्हता.

अर्थशास्त्रात मूल्य आणि किंमत ह्यांतील भेद पहिल्याच वर्षी शिकविला जातो. बेकच्या आकृतीने वाचविलेला वेळ, टाळलेले चुकीचे प्रवास आणि नवख्या माणसाला दिलेला धीर ह्यांची बेरीज कोणत्याही राष्ट्रीय उत्पन्नाच्या तक्त्यात दिसत नाही. अशा वस्तू एकदा निर्माण झाल्या की सर्वांच्या होतात. एकाने वापरल्याने दुसऱ्यासाठी कमी होत नाहीत. म्हणूनच बाजार त्यांची किंमत देऊ शकत नाही. बेकला गिनी आणखी किती द्यायला हव्या होत्या, ह्याचे गणित कोणालाही नेमके मांडता येणार नाही. नावाची नोंद करण्यास मात्र गणित लागत नाही.

आपल्याकडेही हे लागू आहे. अर्जाचा सुटसुटीत नमुना, रुग्णालयातील दिशादर्शक फलक, शाळेचे बिनचूक वेळापत्रक, एसटी स्थानकावरचा वाचता येणारा तक्ता ह्या गोष्टी कोणीतरी डोके लढवून केलेल्या असतात. तो कोणीतरी बहुधा कनिष्ठ जागेवरचा, पुष्कळदा कंत्राटी असतो. आणि वस्तू चांगली झाली की ती कार्यालयाची होते, बिघडली की त्याची. कंत्राटी नेमणुका वाढत चाललेल्या ह्या काळात सार्वजनिक संस्थांनी एवढा एक साधा नियम करावा: लोकांच्या रोजच्या उपयोगाची वस्तू ज्याने घडविली त्याचे नाव तिच्यावर, निदान कार्यालयाच्या दप्तरात, त्याच्या हयातीत नोंदवावे. त्याला खर्च नाही, मंजुरीसाठी समिती नको. लंडनसारख्या संस्थेला एवढे करायला १९९७ साल उजाडावे लागले. आपण तितके थांबण्याचे कारण नाही.